महानगराचा गाळ आणि त्याची राख

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून दोन गोष्टी बाहेर पडतात : पाणी आणि गाळ. पाणी नदीत वा समुद्रात सोडता येते. गाळ कोठे न्यायचा, हा प्रश्न मात्र महानगर वाढेल तसा अवघड होत जातो. लंडनने त्याचा भार शंभरहून अधिक वर्षे समुद्रावर टाकला होता.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीमुळे संसदेत बसणेही कठीण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या योजनेला मंजुरी मिळाली. त्याने शहराचा मैला मोठ्या भुयारी गटारांतून पूर्वेस, उत्तर तीरावरील बेक्टन आणि दक्षिण तीरावरील क्रॉसनेस येथे नेला आणि ओहोटीबरोबर नदीत सोडण्याची व्यवस्था केली. शहराची सुटका झाली, पण खालच्या पात्राची दुर्दशा झाली. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी आगबोट याच पट्ट्यात टक्कर होऊन बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. अपघाताच्या थोडेच आधी मैला नदीत सोडण्यात आला होता, ही गोष्ट लोकांच्या मनातून गेली नाही. पुढे सांडपाण्यात चुना व लोहक्षार मिसळून घन भाग तळाशी बसवण्याचे काम सुरू झाले आणि तो गाळ समुद्रात नेऊन ओतण्यासाठी १८८७ मध्ये पहिले जहाज आले. त्याचे नाव ‘बॅझलजेट’. अभियंत्याचा असा सन्मान विरळाच!

ही जहाजे ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत ये-जा करीत होती. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशानुसार समुद्रात गाळ टाकणे त्या दिवसापासून बंद झाले. गाळ शेतात घालावा, तर सोनखताची परंपरा जगभर जुनी आहे आणि इंग्लंडमधील बहुतांश गाळ आजही शेतातच जातो. परंतु एवढ्या मोठ्या शहराचा सारा गाळ वाहून नेण्यास शेते दूर, आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून त्यात शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू उतरण्याचा धोका वेगळाच. म्हणून बेक्टन व क्रॉसनेस येथे गाळ जाळणाऱ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. अशा भट्टीत तळातून हवा फुंकून उसळत ठेवलेल्या तापलेल्या वाळूत गाळ सुमारे ८५० अंश सेल्सिअसला जळतो.

जाळण्याचे आकर्षण आकड्यांत दिसते. टाकीच्या तळाचा गाळ बहुतांशी पाणीच असतो. चार टक्के घन भाग असलेला शंभर टन गाळ पिळून काढला, की सुमारे सोळा टन ओलसर लगदा उरतो, आणि तो जाळला की राख अवघी सव्वा टनाच्या आसपास. पण ज्वलनशील भाग निघून गेल्यामुळे त्याच राखेत धातूंचे प्रमाण कोरड्या गाळाच्या जवळजवळ तिप्पट होते. पारा तेवढा धुरावाटे निसटतो, त्यासाठी धूर धुण्याची महागडी यंत्रणा लागते. म्हणजे भट्टी गाळ आटवते, संपवत नाही. राखेची जागा ठरवल्याशिवाय भट्टीची निविदा काढणे हे अर्धेच नियोजन होय.

राख सिमेंट कारखान्याला देऊ, हे उत्तर सोयीचे आहे, पण दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारे. टोकियोत २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर सांडपाण्याच्या राखेत किरणोत्सर्गी सीझियम आढळले, सिमेंट कारखान्यांनी ती घेणे थांबवले आणि राख केंद्रांच्या आवारात साठत गेली. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक प्रांताने वेगळा विचार केला. तेथे २०१५ पासून साऱ्या प्रांताचा गाळ एकाच भट्टीत, घरगुती कचऱ्यात न मिसळता जाळला जातो. कारण या राखेत पिकांना लागणारे स्फुरद भरपूर असते, आणि कचऱ्यात मिसळले की ते हाती लागत नाही. जर्मनीने तर २०१७ च्या नियमान्वये मोठ्या केंद्रांना २०२९ पासून स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले. फॉस्फेटच्या खाणी मोजक्याच देशांत असल्याने या आग्रहामागे निव्वळ पर्यावरणप्रेम नाही.

मुंबईच्या बाबतीत हा हिशेब आताच मांडायला हवा. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप येथील सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. दशलक्ष लिटरमागे दोनशे किलो कोरडा गाळ धरला, तरी पूर्ण क्षमतेने रोज पाचशे टनांच्या घरात. पिळून काढलेल्या ओल्या रूपात तो दोन हजार टन, म्हणजे दहा टनी दोनशे ट्रक. तो जाळलाच, तर राख दीडशे टनांहून अधिक, दररोज. कचराभूमीसाठी जागा शोधताना दमलेल्या या महानगर प्रदेशात त्या राखेला स्वतंत्र, अस्तर घातलेली जागा लागेल, आणि ती पालिकेच्या हद्दीबाहेर सापडण्याचीच शक्यता अधिक.