रोड बाइकची चाकं बदलायचीत? खाऱ्या हवेत टिकणारा जोड कमी पैशात कसा निवडावा

बोर्ली पंचतन : ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला येणारे पुण्याकडचे सायकलस्वार बघून आपल्या भागातल्या पोरांनीही बारीक टायरच्या रोड बाइक घेतल्या आहेत. बऱ्याच जणांच्या सेकंडहॅण्ड. वर्षभर चालवल्यावर मागच्या चाकाची तार तुटते, आउट काढून काढून कंटाळा येतो आणि मग सुपारीचे पैसे हातात आले की नवीन चाकांचा जोड मागवायचा विचार डोक्यात येतो. पैसे टाकण्याआधी पुढच्या गोष्टी घरीच तपासता येतात. चुकीचा जोड आला तर तो सायकलला बसतच नाही, आणि परत पाठवायचा खर्च वेगळा.

मोजमाप टायरवरच छापलेलं असतं

टायरच्या बाजूला 25-622 किंवा 28-622 असा आकडा असतो. त्यातला 622 म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. यालाच 700सी म्हणतात. घरातल्या जुन्या काळ्या सायकलचं 28 बाय दीडचं चाक वरून बघायला तेवढंच वाटतं, पण ते 635 चं असतं. तो टायर, ती रिंग इकडे चालत नाही. डोंगरी सायकलचं 26 इंची चाक 559 चं.

दुसरं माप फ्रेमचं. रिमवर ब्रेक लागणाऱ्या रोड बाइकला पुढे 100 आणि मागे 130 मिलिमीटरचा हब लागतो. डिस्कवाल्या सायकलला मागे 135 किंवा जाड आरपार एक्सलचा 142 चा. पट्टी घेऊन फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर आतून आतपर्यंत मोजायचं. डिस्कसाठी बनवलेल्या रिमला ब्रेक घासायची पट्टीच नसते, त्यामुळे स्वस्त मिळाली म्हणून रिम ब्रेकच्या सायकलला ती लावायची नाही. ब्रेक लागणार नाही आणि उतारावर जीव जाईल.

सगळ्यात जास्त फसगत मागच्या दात्यांच्या चकत्यांत होते. स्वस्त, सात गिअरच्या सायकलींना बहुतेक आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. आठ, नऊ, दहा, अकरा गिअरला सरकवून बसवायची कॅसेट. ओळखायची युक्ती सोपी आहे. चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा. मधली खाचांची गोल पट्टी चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर थांबली तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलवाल्याने कॅसेटचा हब घेतला तर कॅसेटही विकत घ्यावी लागते, आणि बजेट तिथेच कोलमडतं. शिमानोच्या अकरा गिअरच्या रोड हबवर आठ, नऊ, दहाची कॅसेट 1.85 मिलिमीटरची चकती मध्ये टाकून बसते. उलटं मात्र जमत नाही.

हलकं चाक घेऊन वेळ किती वाचतो?

विकणारा वजन सांगतो. जोड 400 ग्रॅमने हलका, असं. हिशोब करून बघा. स्वार 68 किलो, सायकल 11, पाण्याची बाटली एक किलो, म्हणजे चढावर 80 किलो वर न्यायचं. त्यातले 400 ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. वीस मिनिटांच्या घाटात वाचणार सहा सेकंद. शर्यतीत पहिल्या पाचात येणाऱ्याला त्याचं मोल आहे. बोर्लीहून श्रीवर्धनला जाऊन येणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढू नये.

फरक जाणवतो तो टायरमध्ये. कडक, जाड, तारेच्या काठाचा टायर काढून चांगला मऊ 28 चा टायर टाकला तर सायकल हलकी पळते आणि खड्ड्यात हातही कमी दुखतात. आधी ब्रेक आणि फ्रेममध्ये 28 ला जागा आहे का ते बघा, जुन्या फ्रेममध्ये कधी कधी 25 च मावतो. दहा हजारांचं बजेट असेल तर टायर-ट्यूबचे पैसे आधी बाजूला काढून उरलेल्यात चाकं बघावीत. जुनी चाकं सरळ असतील तर नुसते टायर बदलूनच कित्येकांचं काम होतं.

तारा किती असाव्यात

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा असतो, आरा दाबला जातो. सायकलच्या चाकात उलटं. सगळ्या तारा आधीच ओढून ताणलेल्या असतात आणि भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. म्हणून ताण सारखा नसला की एक ढिली तार दर फेरीला वाकते-सुटते आणि शेवटी हबच्या कानाजवळ तुटते. तार कच्ची होती असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा दोष बांधणीचा असतो.

दिसायला 20 किंवा 24 तारांचं चाक देखणं. पण त्यातली एक तुटली की रिम एवढी वाकते की ब्रेकमध्ये अडकते, आणि शेखाडी-आरावीच्या मधे तसं झालं तर सायकल खांद्यावर. 32 तारांचं चाक एक तुटली तरी ब्रेक जरा ढिला करून घरी आणतं. ऐंशी किलोच्या पुढचा माणूस किंवा मागे बॅग बांधणारा असेल तर मागे 32 च घ्याव्यात. टोकाला वाकवलेली साधी गोल तार कुठल्याही दुकानात कापून-आटे पाडून मिळते. सरळ ओढीची चपटी तार तुटली तर मुंबई-पुण्याहून मागवेपर्यंत सायकल भिंतीला.

खारी हवा

हा मुद्दा शहरातल्या दुकानदाराच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे हवेत मीठ आहे. ॲल्युमिनियमची रिम, स्टीलची तार आणि त्यात खारा ओलावा, की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो. निपलभोवती पांढरी पूड दिसली तर तो हाच प्रकार. ॲल्युमिनियमचं निपल काही ग्रॅमने हलकं असतं, पण इथे ते आटून बसतं आणि पाना लावला की गोल होतं. पितळी निपल आणि स्टेनलेस तारा, एवढं विचारूनच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा पावसाळ्यात लाल होऊ लागतात.

बेअरिंगमध्ये दोन प्रकार. शिमानोच्या हबमध्ये कटोरी, कोन आणि सुटे छर्रे असतात, पुढे 3/16 आणि मागे 1/4 इंची. पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून ग्रीस बदललं तर वर्षानुवर्षं चालतात. दुर्लक्ष केलं की कटोरीला खड्डे पडतात आणि मग हबच बाद. सीलबंद बेअरिंगच्या हबला काळजी कमी. त्यावर 6001, 6902 असे नंबर असतात, त्या नंबरचं बेअरिंग मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळू शकतं. मासेमारी बोटींना वापरतात ते पाण्याने न धुपणारं ग्रीस हबला उत्तम. आणि दिवेआगरच्या ओल्या वाळूत फोटोसाठी सायकल घातलीच तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण गाडी धुवायच्या जोराच्या फवाऱ्याने हबवर नको.

जुना हब चांगला असेल तर

स्वस्त आणि खात्रीचा मार्ग हा आहे. हबची भोकं मोजायची, तितक्याच भोकांची दुहेरी भिंतीची नवीन रिम आणि नवीन तारा आणून हातबांधणीच्या कारागिराकडून चाक बांधून घ्यायचं. तारेची लांबी हब आणि रिम दोन्हीवर ठरते, म्हणून कारागिराने मोजल्याशिवाय तारा आणू नयेत. बांधल्यावर साधारण शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आउट काढून घ्यावा, तारा बसतात.

सेकंडहॅण्ड जोड घेताना ब्रेकच्या पट्टीवर स्टीलची पट्टी आडवी धरा. मध्ये फट दिसली, म्हणजे पट्टी घासून खोल गेली असेल, तर सोडून द्या. लाल मातीच्या चिखलात चाललेली रिम लवकर झिजते. तारेच्या भोकाभोवती बारीक चीर आहे का ते उजेडात बघा. एका बाजूच्या तारा बोटाने छेडा, आवाज साधारण सारखा यायला हवा (मागच्या चाकात गिअरच्या बाजूचा आवाज जास्त चढा असतो, तो दोष नाही). दोन-चार निपलं पान्याने पाव फेरा फिरवून बघायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला किंवा निपल फिरलंच नाही, तर तिथून उठावं.

स्वस्तातली कार्बनची चाकं रिम ब्रेकवर घेऊच नयेत. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की रिम तापते आणि हलक्या प्रतीच्या कार्बनचे थर सुटू शकतात. ट्यूबलेसचंही घाईने नको; आतलं द्रव उन्हाळ्यात सुकतं, ते पुन्हा पुन्हा भरावं लागतं, आणि ट्यूबचं पंक्चर कुठल्याही गावात निघतं.