कमी ऐकू येणाऱ्यांची सोबत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकविलेला असल्यामुळे मी पेशवाईवर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु ह्या वेळी मी एक निराळाच इतिहास सांगणार आहे. त्याला लढाया नाहीत व तहनामे नाहीत. माझे कान मला सोडून जाऊ लागले, तेव्हा त्याची माझी ओळख झाली.

आरंभी एक कबुली देते. ज्यांच्याशी ती संबंधित आहे, त्या शेजारीणबाईंची परवानगी मी घेतली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाला सभागृहात नेहमीप्रमाणे गडबड होती. ह्या बाई माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात काही बोलल्या. मला ‘भाऊ’ आणि ‘पुण्याला’ एवढेच कळले. त्यांच्या भावाच्या मुलीचे लग्न ठरत होते, हे मला ठाऊक होते. मी हसून म्हटले, “वा, छान झाले हो! पेढे कधी देता?” त्यांचा चेहरा पांढराफटक पडला व त्या निघून गेल्या. त्यांचा भाऊ वारल्याचे त्यांनी मला सांगितले होते, हे रात्री सुनेकडून कळले.

त्याच रात्री मी त्यांच्या दारी गेले आणि जे अकरा वर्षे कोणालाही सांगितले नव्हते ते सांगितले. मला नीट ऐकू येत नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे उत्तर ऐकू येईना, तेव्हा मी मुलांना उत्तरे फळ्यावर लिहावयास लावू लागले. मंडळाच्या सभेत सर्व हसल्या की मी हसत असे, सर्वांनी हात वर केले की मीही करीत असे. एका दुकानातून श्रवणयंत्र आणले होते. त्यांनी पैसे घेऊन डबी हातात ठेविली, पण ते वापरावे कसे, सवय किती दिवसांनी होते, हे काहीच सांगितले नाही. यंत्र घातले की भांड्यांचा खणखणाट आणि कागदाची सळसळ डोक्यात शिरे, माणसाचे बोलणे मात्र होते तिथेच राही. आठ दिवसांत डबी कपाटात गेली. शेजारीणबाईंनी सारे ऐकून घेतले व म्हणाल्या, “आधी सांगायचे नाही का बाई? मी तुमच्या समोर येऊन बोलले असते.” त्या एका वाक्यात जे शहाणपण होते, तेच पुढे मला इतिहासाच्या पुस्तकांत सापडले.

इंग्लंडातील नॉर्विच गावी १८०२ साली हॅरिएट मार्टिनो नावाची मुलगी जन्मली. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिला ऐकण्याचा त्रास सुरू झाला आणि विशी गाठीपर्यंत बहुतेक श्रवणशक्ती गेली. पुढे वडील वारले, घरचा कारखाना बुडाला. त्या काळी मध्यम स्थितीतील मुलीला पोटासाठी एकच प्रतिष्ठित मार्ग असे, तो म्हणजे श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकविण्याचा. बहिरेपणामुळे तो बंद झाला. मग बाईंनी शिवणकाम केले आणि लेखणी हाती धरली. १८३२ ते १८३४ ह्या काळात अर्थशास्त्राची तत्त्वे गोष्टीरूपाने समजावणारी त्यांची पुस्तकमाला निघाली आणि त्या एकदम प्रसिद्धीस आल्या.

नाव झाल्यावर माणूस आपले उणे झाकतो. ह्या बाईंनी उलट केले. १८३४ सालीच त्यांनी एडिंबरोच्या ‘टेट्स मॅगझीन’ ह्या मासिकात बहिऱ्या माणसांना उद्देशून एक खुले पत्र छापविले. पत्रात उपदेशकाचा सूर नाही, आपल्याच वाटेवरच्या सोबत्यांशी बोलावे तसे त्या बोलतात. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की आपले बहिरेपण लोक जपून टाळतात, कारण आपणच तो विषय अस्पर्श करून ठेवितो. म्हणून त्याविषयी प्रथम आपणच मोकळेपणाने बोलावे. खोटी लाज सोडून कर्णा हाती घ्यावा. त्या काळी यंत्रे नव्हती, कानाला लावावयाचा नळीसारखा कर्णा होता. तो चारचौघांत काढणे म्हणजे आपले व्यंग मिरविणे, असे पुष्कळांना वाटे.

बाईंचे एक मत मात्र मला पटत नाही. लोक काय बोलत आहेत हे आपण कधीही विचारावयाचे नाही, जे सांगण्याजोगे असेल ते लोक आपण होऊन सांगतील, असा त्यांचा निश्चय होता. सारखे विचारून बहिरा मनुष्य इतरांस थकवितो, अशी त्यांना भीती होती. ही भीती मला ठाऊक आहे. तथापि न विचारल्यामुळे काय घडते ते मी वर लिहिलेच आहे. बाईंना पत्र लिहिता आले, पण त्यांच्या मागे मंडळ नव्हते. एकट्याने केलेला निश्चय असाच कडक असतो.

त्याच वर्षी बाई अमेरिकेच्या प्रवासास निघाल्या आणि दोन वर्षे तेथे हिंडल्या. बहिऱ्या बाईने परका देश पाहून काय लिहावे, अशी शंका कोणी काढील हे जाणून त्यांनी प्रवासग्रंथाच्या आरंभीच खुलासा केला. कर्णा पुढे केला की माणूस जवळ येऊन एकट्याशीच बोलतो, त्यामुळे दिवाणखान्यातील सर्वसाधारण गप्पांत जे कधी निघाले नसते ते आपल्याला ऐकावयास मिळाले, असे त्या लिहितात. मी हे वाचले, तेव्हा कपाटातली डबी मला आठविली.

एकटीच्या पत्रापासून अनेकांच्या सोबतीपर्यंत यावयास पाऊणशे वर्षे गेली. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी तोवर शाळा निघाल्या होत्या. आपल्याकडेही १८८० नंतरच्या दशकात बिशप मॉरिन ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत अशी शाळा सुरू झाली. जन्मतः बहिऱ्या लोकांची खुणांची भाषा असते व तिच्याभोवती त्यांचा समाज उभा राहतो. परंतु वाढत्या वयात किंवा मध्येच ज्यांचे कान गेले, त्यांना ना ती भाषा येत होती ना जुन्या मित्रांत बसता येत होते. त्यांच्यासाठी कोणीच नव्हते.

बॉस्टनमधील मार्था ब्रून ह्या परभाषा शिकविणाऱ्या शिक्षिका अशांपैकीच. कान गेल्यावर त्या १९०२ साली जर्मनीत गेल्या आणि म्यूलर-वाल्ले नावाच्या शिक्षकापाशी ओठांवरून बोलणे ओळखण्याची विद्या शिकून परतल्या. मग बॉस्टनमध्ये त्यांनी तिचे वर्ग उघडले. जी शिक्षिका ऐकू न आल्यामुळे वर्गातून बाहेर पडली, तिने ऐकू न येणाऱ्यांचाच वर्ग भरविला! माझ्यासारख्या निवृत्त मास्तरणीला ही हकीकत वाचून किती बरे वाटले, ते काय सांगू?

इकडे न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड निची ह्या गृहस्थांनी १९०३ साली अशीच शाळा काढली. त्यांची श्रवणशक्ती चौदाव्या वर्षी गेली होती. शाळेत येणाऱ्यांना ओष्ठवाचन तर मिळालेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकमेक मिळाले. धडा संपला तरी मंडळी उठेनात. ह्या सहवासातून १९१० साली कमी ऐकू येणाऱ्यांचा एक संघ उभा राहिला. नाव बदलून ती संस्था आजही तेथे काम करीत आहे. १९१७ साली निची वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी एलिझाबेथ ह्यांनी शाळा पुढे चालविली.

ओष्ठवाचन म्हणजे जादू नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘माळ’, ‘बाळ’ आणि ‘पाळ’ म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतील. क आणि ग तर घशाजवळ उच्चारले जातात, ते ओठांवर दिसतच नाहीत. म्हणजे निम्मे डोळ्यांनी टिपावयाचे व निम्मे संदर्भाने जुळवावयाचे. दिवसभर हे केले म्हणजे संध्याकाळी माणूस गळून जातो. सासूबाई संध्याकाळी चिडचिड करतात असे कोणाला वाटत असेल, तर ह्या थकव्याचा विचार अवश्य करावा.

पुढे दोन महायुद्धे झाली. तोफांच्या आवाजाने हजारो जवानांचे कान गेले. पहिल्या युद्धाच्या अखेरीस अमेरिकेने केप मे येथील लष्करी रुग्णालयात जवानांना ओष्ठवाचन शिकविले. दुसऱ्या युद्धात पेनसिल्व्हेनियातील डेशॉन रुग्णालयात रेमंड कारहार्ट ह्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकिले. जवानाला यंत्र देऊन ते घरी पाठवीत नसत. कान तपासून यंत्र निवडणे, ते वापरण्याची सवय करविणे, ओष्ठवाचन आणि मनाची समजूत असा कित्येक आठवड्यांचा पाठ असे. श्रवणशास्त्र ही आजची विद्याशाखा त्या कामातून वाढली. यंत्र ही अर्धीच गोष्ट आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. माझ्या दुकानदारापर्यंत ती बातमी पोचली नव्हती, एवढेच!

एक उदाहरण इंग्लंडचे आहे. जॅक अॅश्ली हे १९६६ साली पार्लमेंटात निवडून आले. पुढच्याच वर्षी कानाच्या एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे ऐकणे पूर्णपणे बंद झाले. वादविवाद हाच ज्याचा धंदा, त्याने बहिरेपणी काय करावे? त्यांनी राजीनाम्याची तयारी केली. पण मतदारांनी व सहकाऱ्यांनी त्यांना थांबविले. पत्नी पॉलीनबाई पाठीशी उभ्या राहिल्या. ते ओष्ठवाचन शिकले. आपला आवाज चढला की उतरला हे त्यांना कळत नसे, म्हणून सभागृहातील सहकारी हाताने खूण करीत. ह्या आधारावर ते १९९२ पर्यंत लोकसभेत राहिले आणि अपंगांच्या हक्कांसाठी झगडले. त्यांची हिंमत मोठी खरीच, पण त्या खूण करणाऱ्या हाताचे मोल मला कमी वाटत नाही.

१९७९ साली अमेरिकेत हॉवर्ड स्टोन ह्या गृहस्थांनी कमी ऐकू येणाऱ्यांची स्वतःची संघटना स्थापिली. गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. तेथे जमून लोक यंत्राच्या अडचणी सांगतात, आणि मुख्य म्हणजे घरची माणसेही बरोबर आणतात, कारण बहिरेपण एकाच्या कानाला होत असले तरी त्याचा त्रास अख्ख्या घराला होतो. आपल्या देशातही म्हैसूरला १९६५ साली व मुंबईत वांद्र्याला १९८३ साली श्रवण व वाणी ह्यांच्या राष्ट्रीय संस्था सुरू झाल्या. तपासणी व प्रशिक्षण ह्यांची सोय त्यांमुळे झाली. परंतु गल्लीतील सोबत राष्ट्रीय संस्था कशी देणार? ती शेजारणींनीच द्यावयाची असते.

ही बाब थोड्यांची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १५० कोटी माणसांना काही ना काही प्रमाणात कमी ऐकू येते आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटींना उपचारांची व प्रशिक्षणाची गरज आहे. म्हणजे आपल्या मंडळात मी एकटी असणे शक्यच नव्हते. आणि नव्हतेही.

शेजारीणबाईंच्या आग्रहाने मी श्रवणतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कान तपासून दुसरे यंत्र दिले व ते रोज थोडा थोडा वेळ वाढवीत घालावयास सांगितले. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखावयास काही आठवडे लागतात, हे मला तेव्हा कळले. वयाबरोबर बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणून स, श, त, थ ही व्यंजने निसटतात व स्वर राहतात. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ह्या तक्रारीचा उलगडा असा आहे. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाही.

मग मागच्या वर्धापनदिनी मी व्यासपीठावरून यंत्र काढून सर्वांना दाखविले व बहिरेपणाविषयी पाच मिनिटे बोलले. माझे पाय कापत होते. सभा संपल्यावर चार जणी आल्या. एकीने पदर सारून आपले यंत्र दाखविले, तर दुसरी नुसतीच रडली. आता दर महिन्याला आम्ही सात जणी मंडळाच्या खोलीत जमतो. ओष्ठवाचनाचे पाठ करतो, यंत्राचे सेल बदलावयास शिकतो, कधी घरच्यांना बोलावितो, आणि एकमेकींच्या फजित्या ऐकून पोट धरून हसतो. नाटकात बहिऱ्या सासूला लोक हसतात, ते हसू निराळे. हे आमचे आम्ही हसतो.

इतर भगिनींकडे आमचे मागणे थोडके आहे. बोलण्यापूर्वी हाक मारून किंवा खांद्याला हात लावून आमचे लक्ष वेधा. उजेडात, समोर उभ्या राहून, तोंडावर हात न धरता बोला. ओरडू नका. कळले नाही तर तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगा. सभेत एका वेळी एकीनेच बोलावे, हा नियम तर सर्वांच्याच सोयीचा आहे. आणि ‘जाऊ द्या, काही विशेष नाही’ असे कृपा करून म्हणू नका. विशेष काय ते आम्ही ठरवू!

शेजारीणबाई ह्या बैठकीला नियमाने येतात. त्यांचे कान उत्तम आहेत. त्या माझ्या समोरच्या खुर्चीवर, खिडकीच्या उजेडात बसतात. परवा त्यांच्या भाचीला मुलगा झाला. त्यांनी ती बातमी मला सांगितली, आणि मी ती दोनदा विचारून नक्की करून घेतली. मगच म्हटले, “वा, छान झाले हो! आता पेढे द्या.”