जंगलातले मीठ आणि मिठातले आयोडीन

१/ आयोडीनयुक्त मिठाचा इतिहास बहुधा स्वित्झर्लंड किंवा हिमालयातून सुरू केला जातो. या धाग्यात तो चांद्याच्या जंगलातून पाहू. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात होते. या प्रदेशाने धान, मोह, मध, सागवान, लोखंड सारे काही दिले. मीठ मात्र येथे कधीच पिकले नाही. ते प्रत्येक युगात बाहेरून आले आणि ज्याच्या हाती ते होते, त्याच्या हाती जंगलाच्या नाड्या राहिल्या.

२/ रेल्वेपूर्वी मध्य भारतात मीठ आणत ते बंजारे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने हजारो बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे बंजाऱ्यांच्या चार जमाती होत्या आणि त्यांपैकी एक केवळ मीठ वाहत असे. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ या शब्दापासून आला, अशी एक व्युत्पत्तीही सांगितली जाते. बैलाच्या पाठीवरून शेकडो मैल आलेले मीठ स्वस्त असणे शक्यच नव्हते.

३/ एकोणिसाव्या शतकात या व्यापारासाठी नदी वापरण्याचा मोठा घाट घातला गेला. आर्थर कॉटन या अभियंत्याच्या कल्पनेतून गोदावरीवर नौकानयनाची योजना आली. नागपूर-वऱ्हाडचा कापूस प्रवाहाबरोबर समुद्राकडे जावा आणि किनाऱ्यावरचे मीठ वर यावे, असा हिशेब होता. आज गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेले सिरोंचा याच मार्गावरचे ठाणे. नदीतील खडकाळ अडथळे, वाढता खर्च आणि रेल्वेची स्पर्धा यांपुढे १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले.

४/ त्याच काळात मिठावरचा कर वसूल करण्यासाठी ब्रिटिशांनी सिंधू नदीपासून मध्य प्रांत ओलांडून महानदीपर्यंत जकातीची सीमारेषा राखली होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २३०० मैल होती आणि पहाऱ्यावर जवळजवळ १२,००० माणसे. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे अभेद्य कुंपण वाढवलेले होते. १८७९ मध्ये ही रेषा मोडली, कर मात्र राहिला. मिठावर कर बसवणे राज्यकर्त्याला सोयीचे असते, कारण ते विकत घेतल्यावाचून कोणाचेच भागत नाही.

५/ सरकारला जे कळले होते, ते व्यापाऱ्यालाही कळले होते. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात चारोळीच्या मोबदल्यात मापाला माप मीठ देण्याची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. चारोळीला शहरात काय भाव मिळतो हे गोळा करणाऱ्याला ठाऊक नसे आणि ठाऊक असले तरी मिठावाचून त्याचे चालत नसे. आठवडी बाजारातील शोषणाची ही सर्वांत साधी आणि सर्वांत टिकाऊ रीत होती.

६/ १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचाच प्रश्न उचलला. विदर्भाला समुद्र नाही. तेव्हा अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. पुढे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह आरंभला. मीठ आणि जंगल हे दोन्ही लढे मुळात एकाच मागणीचे होते: जगण्याला आवश्यक असलेल्या वस्तूवर सरकारची सक्ती नको. हा युक्तिवाद लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

७/ आता मिठातल्या उणिवेकडे वळू. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा हा फ्रेंच रसायनकार बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करताना समुद्री शेवाळाच्या राखेवर प्रक्रिया करत होता. तेव्हा जांभळी वाफ उठली. तेच आयोडीन. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वान्दे या वैद्याने ते गलगंडावर वापरले. गलगंड म्हणजे गळ्यातील थायरॉईड ग्रंथीची सूज. सुश्रुतसंहितेतही या व्याधीचे वर्णन आहे. थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन असते, हे मात्र बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले.

८/ ‘समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच’ हा समज फार पसरलेला आहे. हिशेब करून पाहू. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि सुमारे ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. मिठागरात त्यातला कणही वाया गेला नाही असे मानले, तरी १० ग्रॅम मिठातून जेमतेम १७ मायक्रोग्रॅम आयोडीन मिळेल. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे बंजाऱ्यांनी आणलेल्या मिठानेही ही उणीव भरून निघाली नसती.

९/ ही गरज मुख्यतः अन्नातून भागते आणि अन्नातले आयोडीन येते जमिनीतून. पावसाने आणि पुराने धुपलेल्या जमिनीत ते कमी उरते. आपल्याच शेतातले धान आणि आपल्याच रानातला भाजीपाला खाणाऱ्या समाजाला बाहेरून ते मिळण्याची वाट अरुंद असते. पूर्व विदर्भात पावसाळ्यात आवडीने खाल्ले जाणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, यांतील काही द्रव्ये थायरॉईडला आयोडीन शोषू देत नाहीत. भिजवून, उकळून पाणी टाकण्याच्या पारंपरिक रीतीने ती पुष्कळ कमी होतात. आयोडीन पुरेसे असेल, तर वास्ते खाण्यात फारसे भय नाही.

१०/ गलगंड डोळ्यांना दिसतो, म्हणून इतिहासात त्याची नोंद होते. खरी हानी दिसत नाही. गर्भाच्या मेंदूची घडण पहिल्या काही महिन्यांत आईच्या थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते. तेव्हा आयोडीन अपुरे पडले, तर मुलाच्या बुद्धीवर आणि श्रवणावर कायमचा परिणाम होऊ शकतो. गर्भवतीची रोजची गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते. आणि आयुष्यभराची गरज? सत्तर वर्षांची बेरीज चार ग्रॅमही होत नाही. एवढ्याशा द्रव्याअभावी एक पिढी मागे पडू शकते.

११/ भारतातला निर्णायक पुरावा हिमाचलातील कांगडा खोऱ्यातून आला. १९५६ मध्ये व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, मधल्या विभागाला साधे. आरंभी गलगंडाचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. पाच-सहा वर्षांत आयोडीन मिळालेल्या विभागांत ते १९ आणि १५ टक्क्यांवर आले. साधे मीठ खाणाऱ्यांत ते ४० टक्के राहिले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या अहवालावर देव आणि करमरकर ही मराठी नावेही आहेत. त्या मधल्या विभागातील मुलांनी तुलनेसाठी कोणती किंमत मोजली, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळू नये.

१२/ १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण लक्ष हिमालयाच्या पायथ्यावर होते. पुढील सर्वेक्षणांनी पठारी आणि किनारी प्रदेशांतही उणीव दाखवली. आज कोणतेही राज्य यातून मुक्त मानले जात नाही. १९८३ मध्ये खासगी उत्पादकांना वाट मोकळी झाली, त्याच वर्षी टाटा मीठ बाजारात आले. १९८६ पासून देशातील सारे खाण्याचे मीठ टप्प्याटप्प्याने आयोडीनयुक्त करण्याचे धोरण राबवले जाऊ लागले. ज्या अपरिहार्यतेवर पूर्वी कर बसवला गेला, तीच आता औषध पोहोचवण्याची वाट झाली.

१३/ मग सक्तीचा प्रश्न उभा राहिला. आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यावर १९९७ च्या अधिसूचनेने बंदी आली. सप्टेंबर २००० मध्ये ती उठवली गेली आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. देशव्यापी सर्वेक्षणांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी कुटुंबे १९९८-९९ मध्ये ४९ टक्के, २००२-०४ मध्ये ३० टक्के आणि २००५-०६ मध्ये ५१ टक्के आढळली. सर्वेक्षणांच्या पद्धती वेगळ्या होत्या हे मान्य करूनही दिशा स्पष्ट दिसते.

१४/ बंदीला आव्हान देणाऱ्यांत विदर्भाचा वाटा मोठा होता. नागपूरची अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे: बहुसंख्यांना जादा आयोडीनची गरज नाही, अतिसेवन अपायकारक ठरू शकते, मीठ महागते आणि छोटे उत्पादक बुडतात. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने मान्य केले की साधे मीठ स्वतः घातक नाही, म्हणून अन्नभेसळ कायद्याखाली अशी बंदी घालता येत नाही. सार्वजनिक आरोग्याचा विचार करून न्यायालयाने ती सहा महिने चालू मात्र ठेवली. पुढे नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत बंदी कायम राहिली.

१५/ हा १९३० चाच युक्तिवाद नव्या रूपात होता, आणि तो हलका नव्हे. पण दोन्ही काळांत एक फरक आहे. १९३० ची सक्ती गरिबाच्या ताटातून काहीतरी काढून घेत होती, ही सक्ती त्यात काहीतरी घालते. शिवाय निवड कोणाची? शहरातला ग्राहक दोन पिशव्यांवरचे लेबल वाचून ठरवतो. भामरागड किंवा एटापल्लीच्या बाजारात मात्र दुकानदाराने जे पोते उतरवले, तेच मीठ मिळते. तेथे बंदी उठली, तर निवडीचे स्वातंत्र्य व्यापाऱ्याला मिळते, ग्राहकाला नव्हे.

१६/ आयोडीनची दुसरी ओळख आणीबाणीतली आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. बाहेर पडलेल्या किरणोत्सारी आयोडीनची मात्रा दर आठ दिवसांनी निम्मी होते, पण तेवढ्यात ते दुधातून मुलांच्या थायरॉईडमध्ये साठले. आसपासच्या प्रदेशात आहारातले आयोडीन आधीच अपुरे होते. भुकेलेल्या ग्रंथींनी हे विष अधिक शोषले आणि पुढे हजारो मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. पोलंडने काही दिवसांतच सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना पोटॅशियम आयोडाइडचा डोस दिला.

१७/ मीठ हे या गोळीला पर्याय नाही. प्रौढाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. दशलक्ष भागांत १५ भाग आयोडीन असलेल्या मिठातून तेवढे मिळवायचे, तर साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल. तरीही २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली. ही गोळी शासनाने सांगितल्यावर, सांगितलेल्या वेळीच घ्यायची असते, आणि ती केवळ थायरॉईडचे रक्षण करते. महाराष्ट्रात तिचा विचार तारापूरसारख्या अणुकेंद्राच्या परिसरासाठी होतो. चंद्रपूरचे वीजकेंद्र कोळशावर चालते, तेथे घरात गोळ्या साठवण्याचे कारण नाही.

१८/ चेर्नोबिलचा धडा चांद्याच्या जंगलालाही लागू आहे: रोजच्या आहारात पुरेसे आयोडीन असलेला समाज संकटात कमी असुरक्षित असतो. २०१८-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील ७६.३ टक्के कुटुंबांत पुरेसे आयोडीनयुक्त मीठ आढळले. म्हणजे चौथा हिस्सा अजून बाकी आहे. ओलसर, उघड्यावर ठेवलेल्या सुट्या मिठातले आयोडीन घटते. म्हणून बंद पाकिटातले मीठ घ्यावे, कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि शिजवताना शेवटी घालावे. प्रमाण मात्र वाढवू नये, रक्तदाबाचा धोका वेगळाच आहे. गावोगावी आशा कार्यकर्ती मिठावर तपासणीचा थेंब टाकते, तेव्हा ते निळे-जांभळे होते. तो रंग उमटला नाही, तर दुकानदाराला विचारण्याचा हक्क गावाला आहे. चारोळीच्या बदल्यात मीठ घेणाऱ्या पिढीला हा हक्क नव्हता.