वेसकराच्या काठीपासून आपदा मित्राच्या ओळखपत्रापर्यंत

२२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ आगीची अफवा उठली. पुष्पक एक्स्प्रेसमधले प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान १२ जीव गेले. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. बरोबर दोन वर्षांनी तितूरचा पूर चाळीसगावात शिरला. अशा वेळी सरकारी पथक पोहोचण्याआधी धावतो तो जवळचा माणूस.

हा जवळचा माणूस इतिहासात कोण होता? गावगाड्यात वेशीची राखण, सांगावा नेणे, मयताची वर्दी देणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे महारांवर लादलेली होती. संकटात राबायचे आमच्या पूर्वजांनी, हुकूम सोडायचा पाटील-कुलकर्ण्यांनी. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. पण पूर ओसरल्यावर गाळ आणि कुजलेली जनावरे उचलायला आजही कोणत्या वस्तीत निरोप जातो, हे आपण सगळे जाणतो.

आपली दुसरी परंपराही आहे. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधकांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. समता सैनिक दलाने आपल्याला शिस्त शिकवली. चैत्यभूमीवरची लाखोंची गर्दी आपलेच स्वयंसेवक सांभाळतात. हे आपत्ती व्यवस्थापन नाही तर काय?

२००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत छावण्यांमध्ये दलितांशी भेदभाव झाल्याच्या नोंदी आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की, मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. आम्ही ज्या प्राथमिक प्रशिक्षणाला बसलो, तिथे दोर, स्ट्रेचर, प्रथमोपचार सगळे शिकवले. या कलमाचा उल्लेख मात्र आम्हालाच करावा लागला.

तिथे शिकवतात ती घटना प्रतिसाद प्रणाली आपण नीट समजून घ्यावी. एक घटना प्रमुख, त्याच्या हाताखाली कार्यवाही, नियोजन आणि रसद असे तीन विभाग. कोणी काय करायचे हे नेमणुकीने ठरते, जन्माने नाही. निदान कागदावर तरी गावगाडा इथे उलटा होतो.

काही कार्यकर्ते विचारतात, ही पुन्हा फुकटची वेठबिगारच नाही का? प्रशिक्षण, साधने, विमा आणि निर्णयात जागा नसेल, तर नक्कीच आहे. म्हणून आपदा मित्र योजनेतले १२ दिवसांचे प्रशिक्षण, साहित्य संच आणि विमा हक्काने मागा. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, अर्ज त्यांच्याकडे करा. प्रत्येक विहारातून एक मुलगी, एक मुलगा पाठवा. वस्तीचा नकाशा आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांची यादी आजच करा.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याजवळच्या लळिंगला लांडोर बंगल्यावर आले होते. दरवर्षी त्या दिवशी आपण तिथे जमतो. येत्या ३१ जुलैला अभिवादनानंतर नावनोंदणीचे टेबल लावूया. राबणाऱ्या हातांनी आता हुकमाच्या खुर्चीपर्यंत पोहोचायचे आहे.

जय भीम!