रद्दींतून परत आलेल्या भयकथा



आजचा विषय भुताखेतांचा आहे. पण भुतें असतात कीं नाहींत या वादांत मी शिरणार नाहीं. ज्या मासिकांनीं भयाच्या कथा छापल्या त्यांचें पुढें काय झालें, त्यांतील कथा ग्रंथरूपानें परत कशा आल्या, आणि परत येतांना आपल्याबरोबर काय आणावयास विसरल्या, एवढाच इतिहास मला थोडक्यांत सांगावयाचा आहे.

भयकथा बहुधा प्रथम स्वस्त कागदावर छापली जाते. अमेरिकेंत सन १८९६ मध्यें फ्रँक मन्सी या प्रकाशकानें आपलें 'आर्गसी' हें मासिक केवळ कथांना वाहिलें आणि तें लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर काढलें. किंमत अल्प आणि वाचक सामान्य स्थितींतला. त्या लगद्याच्या इंग्रजी नांवावरून अशा मासिकांना 'पल्प' म्हणूं लागले. या कागदांत लाकडाचा लिग्निन नांवाचा अंश राहून जातो. उजेड व हवा लागली कीं पान पिवळें पडतें, कागदांतील आम्लानें तें ठिसूळ होतें, आणि शेवटीं दुमडतांच तुटतें. असें मासिक कोणी जाळलें नाहीं तरी काळानें आपोआप नष्ट व्हावयाचेंच.

भयकथांना वाहिलेलें 'वीअर्ड टेल्स' हें मासिक मार्च १९२३ मध्यें शिकागो येथें सुरू झालें. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट या लेखकाच्या बहुतेक प्रसिद्ध कथा त्यांत आल्या. सन १९३७ मध्यें तो वारला तेव्हां कोणाही मोठ्या प्रकाशकानें त्याचा कथासंग्रह काढलेला नव्हता. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रे हे त्याचे तरुण लेखकमित्र. प्रकाशकांनीं नकार दिला तेव्हां या दोघांनीं सन १९३९ मध्यें 'आर्कम हाऊस' ही प्रकाशनसंस्था स्वतःच स्थापिली आणि मित्राच्या कथांचा जाडजूड ग्रंथ छापला. प्रती अवघ्या १२६८. आणि तेवढ्या खपावयासहि सुमारें चार वर्षें लागलीं! मूळचें 'वीअर्ड टेल्स' सन १९५४ मध्यें बंद पडलें. त्यांतला लव्हक्राफ्ट मात्र आज विद्यापीठांतून अभ्यासिला जातो. हा चमत्कार पुनर्मुद्रणाचा आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. स्वस्त कागदावरील साहित्यास नाक मुरडण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मराठी कादंबरीस वास्तवाची वाट दाखविणारे हरिभाऊ आपटे यांची 'मधली स्थिति' ही पहिली कादंबरी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्यमय कादंबरीच्या आधारें लिहिलेली. आणि या रेनॉल्ड्सचीं लंडनरहस्यें सन १८४४ पासून लंडनमध्यें एकेका पेनीच्या साप्ताहिक अंकांतून विकलीं जात. मोठें साहित्य लहान अंकांतून उगवतें तें असें.

मराठींत भयकथेस खरें घर मिळालें तें अनंत अंतरकर यांच्या मासिकांत. त्यांनीं सन १९४६ मध्यें 'हंस' सुरू केलें. पुढें 'मोहिनी' आणि 'नवल' हीं मासिकें काढलीं. 'नवल' तर गूढ, भय आणि अद्भुत यांसाठींच होतें. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथा अशा मासिकांच्या पानांतून वाचकांपर्यंत पोंचल्या. धारपांच्या कथेंत जुना वाडा, बंद खोली, आणि दुष्ट शक्तीशीं झुंजणारे 'समर्थ'. मतकरींच्या कथेंत बाहेरचें भूत थोडें आणि साध्यासुध्या माणसाच्या मनांतलें भूत फार. समीक्षकांनीं या प्रकाराची फारशी विचारपूस केली नाहीं. वाचकांनीं मात्र अंक फाटेपर्यंत वाचले.

हे अंक फिरत कसे, हें आमच्या कसाऱ्यासारख्या गांवीं चांगलें दिसे. थळ घाटाच्या पायथ्याचें हें स्टेशन. सन १८६५ पासून येथून आगगाडी घाट चढते. चढ सदतिसास एक. म्हणून लांबच्या गाड्यांना येथें जादा इंजिनें जोडितात. रेल्वेचे लोक त्यांना 'बँकर' म्हणतात. तेवढा वेळ गाडी थांबते. मुंबईकडून येणारी लोकलहि येथेंच संपते. डब्यांत वाचून झालेला अंक या हातांतून त्या हातांत जाई, तेथून घरोघर, आणि क्वचित् शाळेंत भूगोलाच्या पुस्तकाआडहि येई. आम्ही शिक्षक रागावत असूं. पण तासभर मान वर न करितां वाचणारा विद्यार्थी पाहून मनांतून बरेंहि वाटे. पुढें आमच्याकडचा पावसाळा आणि कागदास लागणारी कसर यांनीं आपलें काम केलें. उरलें तें रद्दीवाल्यानें नेलें.

सुदैवानें कथा सर्वस्वीं गेल्या नाहींत. धारपांचीं पुस्तकें साकेत प्रकाशनानें नव्यानें छापलीं आहेत, आणि मतकरींचे गूढकथासंग्रहहि पुनःपुन्हां निघाले आहेत. सन २०१८ मध्यें 'तुंबाड' हा चित्रपट आला. त्यांत धारपांच्या 'आजी' या कथेचा आधार होता. त्यानंतर अनेक तरुणांनीं धारप प्रथमच हातीं घेतले. ही आनंदाची गोष्ट होय.

पण येथेंच माझें गाऱ्हाणें आहे. पुष्कळ पुनर्मुद्रित संग्रहांत कथा असते, कथेचा जन्म नसतो. ती कोणत्या मासिकांत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वर्षीं आली, हें कोठेंच लिहिलेलें नसतें. चित्रें गळतात, संपादकाच्या चार ओळी गळतात, वाचकांचीं पत्रें गळतात. यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. एक उदाहरण घ्या. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यास लहानपणीं माळ्यावर वडिलांच्या पुस्तकांची एक पेटी सांपडली आणि तींत लव्हक्राफ्टच्या कथांचें स्वस्त पुनर्मुद्रण होतें, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. त्याच किंगची 'सेलम्स लॉट' ही कादंबरी सन १९७५ मध्यें निघाली, आणि तिच्या आधारें धारपांनीं मराठींत 'लुचाई' लिहिली. लगद्याच्या कागदावरचें एक मासिक, त्यांतून निघालेलें पुस्तक, माळ्यावरची पेटी, आणि शेवटीं मराठी घरांतील वाचक! ही सांखळी आपण आज जोडूं शकतों, कारण परदेशांत प्रत्येक दुव्यावर सन लिहून ठेविला आहे. 'वीअर्ड टेल्स'चे कितीतरी जुने अंक आज तिकडच्या रसिकांनीं छायाचित्रित करून इंटरनेटवर ठेविले आहेत. मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत सर्व घरबसल्या पाहतां येतें. मराठी कथेनें कोणाकडून काय घेतलें आणि स्वतःचें काय घातलें, हा हिशेब सन नसेल तर मांडतां येत नाहीं. मग उसनें सर्व स्वतंत्र ठरतें, किंवा जें अस्सल आपलें तेंहि उसनें समजलें जातें.

शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९५० या दीडशें वर्षांतील मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत केली. एका माणसाच्या चिकाटीचें तें मोठें उदाहरण आहे. परंतु ती सूची ग्रंथांची. मासिकांत विखुरलेली कथा तिच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय भयकथेचा बहर आला तो १९५० नंतर. हें काम अजून करावयाचें आहे. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय सन १८९३ चें आणि मुंबईचें सन १८९८ चें. अशा संस्थांकडे आपण नुसते वाचक म्हणून न जातां देणारे म्हणूनहि गेलें पाहिजे.

म्हणून दोनच विनंत्या. प्रकाशकांस विनंति ही, कीं संग्रहांतील प्रत्येक कथेखालीं एक ओळ छापावी: मासिकाचें नांव, महिना आणि सन. तेवढ्यानें पुस्तकाची किंमत वाढत नाहीं. आणि आपणां सर्वांस विनंति ही, कीं माळ्यावरचे जुने दिवाळी अंक व मासिकें रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावीं. पान तुटण्याजोगें झालें असेल तर निदान मुखपृष्ठाचें आणि अनुक्रमणिकेचें छायाचित्र काढून ठेवावें, आणि अंक धड असेल तर जवळच्या ग्रंथालयास विचारावें. आपले आजोबा कशाला भीत असत, हें नातवंडांस कळावयाचें असेल तर तें त्याच पानांतून कळणार आहे.