मोटारीची झिलई

मनुष्याच्या वापरांतील वस्तूंचा इतिहास लिहितांना त्या कशा चालतात याचा विचार पुष्कळ होतो. त्या कशा दिसतात याचा विचार मात्र चैनीच्या सदरांत जमा होतो. मोटारीचें यंत्र कसें सुधारत गेलें हें सुशिक्षित घरांत बहुधा ठाऊक असतें. पण त्या यंत्रावर चढविलेल्या रंगाची कथा क्वचितच कोणी सांगतो. वास्तविक या रंगाच्या पापुद्र्यानें विसाव्या शतकांतील कारखानदारीची गति एकदां अडवून धरली होती, आणि ती वाट मोकळी केली तोफेच्या दारूशी सख्खें नातें असलेल्या एका द्रव्यानें.

पहिल्या मोटारी रंगविल्या त्या घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांच्या पिढीजात रीतीनें. जवसाच्या तेलांत खललेला रंग आणि त्यावर रोगण, असे थरावर थर कुंचल्यानें द्यावयाचे. थर वाळला कीं तो प्यूमिस नांवाच्या सच्छिद्र दगडाच्या पुडीनें पाण्याबरोबर घोटावयाचा, आणि मगच पुढला थर. तेलाचा रंग हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतो. त्याला घाई खपत नाहीं. उत्तम गाडीला यांत कित्येक आठवडे जात. १९१३ सालीं हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या रांगेवर मोटारी जुळूं लागल्या आणि जुळणीचें काम तासांवर आलें. रंगारी मात्र जुन्याच कालगणनेनें चालत होता. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डची ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगांत मिळे. अस्फाल्टयुक्त काळा रंग भट्टींत भाजून चढवितां येई. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, पण त्यापलीकडे ग्राहकाला निवड उरत नसे.

ही कोंडी फुटली ती कापसामुळें. १८४६ सालीं शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें नत्राम्ल व गंधकाम्ल यांची कापसावर क्रिया करून स्फोटक कापूस सिद्ध केला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेंतील ड्यू पॉन्ट कंपनीनें हें द्रव्य प्रचंड प्रमाणांत तयार केलें, आणि १९१८ सालीं शांतता झाल्यावर तेंच द्रव्य खपवावें कोठें, असा तिच्यापुढें प्रश्न उभा राहिला. त्यापासून रोगण होत असे खरें. पण तें इतकें दाट होई कीं फवाऱ्यानें मारण्यासाठीं त्यांत भरमसाट द्रावक घालावें लागे, आणि मग अंगावर राही तो थर नांवापुरताच. १९२० च्या उन्हाळ्यांत कंपनीच्या प्रयोगशाळेंत सोडियम ॲसिटेट मिसळलेलें असें एक पीप उष्म्यांत तसेंच राहून गेलें आणि आंतील द्रव्य पाण्यासारखें पातळ झाल्याचें आढळलें. फ्लाहर्टी नांवाच्या रसायनज्ञानें या अपघातांतलें मर्म ओळखलें. आतां एकाच फवाऱ्यांत रंगाचा भरघोस थर बसूं लागला, आणि द्रावक उडून जातांच तो वाळूं लागला. जनरल मोटर्सच्या सहकार्यानें हा ‘ड्यूको’ रंग तयार झाला व १९२४ सालच्या ओकलंड मोटारी निळ्या रंगांत झळकल्या. आठवड्यांचें काम तासांवर आलें, आणि रस्त्यावर रंग अवतरले.

त्याबरोबर रंगाऱ्याचीं हत्यारेंही बदललीं. १९२१ सालीं फ्रान्सिस ओकी याचा पाण्यांत न भिजणारा घांसकागद ‘थ्री एम’ कंपनीनें बाजारांत आणला. कागद ओला ठेवून घांसल्यानें विषारी धूळ उडणें थांबलें. दुरंगी मोटारींची टूम निघाली तेव्हां दोन रंगांमधील रेषा सरळ राखतांना कारागीर हैराण होत. तें पाहून त्याच कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यानें १९२५ सालीं रंग न उखडतां निघणारी चिकटपट्टी काढली.

ड्यूकोच्या जातीच्या रंगाला एक खोड होती: फवाऱ्यांतून तो बाहेर येई तो मंद, किंचित् खरबरीत. चकाकी आणावयाची ती घोटूनच. १९४८ सालच्या लंडन प्रदर्शनांत जॅग्वार कंपनीनें आपली ‘एक्सके १२०’ ही शर्यती बांध्याची गाडी मांडली. तासाला १२० मैल हा तिच्या नांवांतलाच दावा. आरंभींच्या सुमारे २४० गाड्यांचें अंग ॲल्युमिनियमचें होतें. १९५० सालीं कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें भरलेली पहिली शर्यत फिल हिल या तरुणानें याच जातीच्या गाडींत जिंकली, आणि शर्यतीबरोबरच तेथें देखण्या मोटारींचा मेळावाही सुरू झाला. शर्यत १९५६ नंतर बंद पडली; मेळावा मात्र टिकला.

अशी गाडी जुनी झाली कीं तिच्या पृष्ठभागावर ऊन व हवा यांनीं एक मेलेला, खडूसारखा थर येतो. घरीं झिलई परत आणणारा मनुष्य हाच थर अलगद काढीत असतो. प्रथम सावलींत, थंड अंगावर, भरपूर पाण्यानें धुणें. कारण एक कण राहिला तरी तो पुढें नांगरासारखा फिरतो. मग कडा व उंचवट्यांवर चिकटपट्टी, कारण रंग तेथेंच सर्वांत पातळ असतो. मग बारीक लेप मऊ फडक्यावर घेऊन हातभर जागा घोटणें, आणि शेवटीं ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचें कार्नोबा मेण. मेण झिलईची राखण करतें. झिलई येते ती सपाटपणानें. ओरखडे प्रकाश चोहोंकडे उधळतात, सपाट पृष्ठभाग तो एका दिशेनें परत देतो. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाहीं असें समजावें. १९८० च्या दशकापासून सर्रास झालेल्या पद्धतींत रंगावर असा थर असतो. पण त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि दर घोटणीला त्यांतून कांहीं जातेंच.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. १९५५ सालीं पेबल बीचचा सर्वोच्च मान फिल हिल यानें नव्यानें सजविलेल्या १९३१ सालच्या पिअर्स-ॲरो मोटारीला मिळाला. तोंवर तो मान नव्याकोऱ्या गाड्यांना जाई. तेव्हांपासून जुन्याला नवें करण्याची कला प्रतिष्ठित झाली. परंतु एकविसावें शतक उजाडतां उजाडतां त्याच मेळाव्यांत, ज्यांचा मूळ रंग कधीं उतरविला गेला नाहीं अशा गाड्यांसाठीं निराळा वर्ग निघाला. तड्या गेलेला, पिवळसर झालेला तो थर कोणत्या पिचकारीनें, कोणत्या हातानें चढविला हें सांगणारा दुसरा पुरावा बहुधा शिल्लक नसतो. तो खरवडून नवा रंग मारतां येतो. पण मग गाडी सुंदर दिसते आणि मुकी होते. म्हणून जाणता मनुष्य फडकें हातीं घेण्यापूर्वीं किती काढावयाचें यापेक्षां किती ठेवावयाचें हें आधीं ठरवितो, आणि सर्वांत सौम्य लेपापासून आरंभ करतो.