पेन्यिस्कोला : एकाकी पोपचा समुद्रदुर्ग

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात घुसलेल्या एका खडकावर पेन्यिस्कोला वसले आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सहाव्या पर्वातील मीरीन तुम्हांस आठवत असेल, तर त्याचे काही चित्रण इथलेच. उन्हाळ्यात हा खडक पर्यटकांनी भरून जातो. जावे ते हिवाळ्यात. दुकाने बंद, गल्ल्या निर्मनुष्य, आणि खडकाच्या पोकळीतून वर फुत्कारणारा समुद्र. हा किल्ला टेंपलर योद्ध्यांनी १२९४ ते १३०७ या काळात बांधला. पण तो ओळखला जातो तेराव्या बेनेडिक्टच्या, म्हणजेच पेद्रो दे लुनाच्या नावाने.

थोडी पार्श्वभूमी. १३७८ मध्ये कार्डिनलांनी रोममध्ये सहाव्या अर्बनला पोप निवडले. काही महिन्यांतच, ही निवड जमावाच्या दडपणाखाली झाली असे सांगून, त्यांनी दुसरा पोप निवडला. ख्रिस्ती युरोप दुभंगला. पेद्रो दे लुना या घडामोडींत स्वतः सहभागी होता. १३९४ मध्ये आव्हिन्योंच्या गादीवर तोच बसला. १४०९ च्या पिसा परिषदेने तोडगा म्हणून आणखी एक पोप निवडला. झाले तीन!

१४११ मध्ये ऐंशी ओलांडलेला बेनेडिक्ट पेन्यिस्कोलास येऊन राहिला. पुढे त्याने बांधविलेल्या वेशीवर त्याच्या घराण्याची चंद्रकोर आजही दिसते. ‘लुना’ म्हणजे चंद्र.

त्याला केवळ हटवादी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तो चर्चच्या कायद्याचा अध्यापक होता. १४१५ मध्ये सम्राट सिगिस्मुंड त्याचे मन वळवायला पर्पिन्यांपर्यंत आला, तेव्हा त्याचा युक्तिवाद असा होता : १३७८ नंतरचे सर्वच पोप संशयास्पद असतील, तर त्यांनी नेमलेले कार्डिनलही संशयास्पदच. त्याआधी नेमलेला, निःसंशय कार्डिनल आज एकच जिवंत आहे, तो म्हणजे मी. तेव्हा पोप निवडण्याचा अधिकारही माझाच!

तर्क बिनतोड होता, पण अनुयायी उरत नव्हते. ज्याच्या राज्यारोहणास बेनेडिक्टने हातभार लावला, त्याच आरागोनच्या फर्डिनांडने १४१६ मध्ये पाठिंबा काढून घेतला. ती घोषणा वाचली व्हिन्सेंट फेररने, बेनेडिक्टच्या जुन्या निष्ठावंताने. १४१७ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्याला पदच्युत केले. त्याने ते मानले नाही. हिवाळ्यातील त्या रिकाम्या तटावर उभे राहिले की त्या नकाराचे वजन कळते. तिथून तीन बाजूंना फक्त पाणी दिसते.

१४२३ मध्ये तो तिथेच वारला, अखेरपर्यंत स्वतःला पोप मानत. तीन कार्डिनलांनी किल्ल्यातच त्याचा वारस निवडला. त्या वारसाने १४२९ मध्ये पद सोडले. चौथा कार्डिनल, जां कारिये, निवडीच्या वेळी गैरहजर होता. त्याने ती अवैध ठरवली आणि १४२५ मध्ये, केवळ स्वतःच्या एका मताने, आणखी एक पोप निवडला.